पिझ्झा बाइट्स भाजताना फुटतात आणि चीज बाहेर येतं, तेव्हा काय तपासायचं

डिसेंबरातल्या एका शनिवारी भाचीच्या वाढदिवसासाठी मी ६० पिझ्झा बाइट्स (मैद्याच्या पारीत सारण आणि चीज भरून भाजलेले छोटे गोळे) केले आणि त्यातले २३ ओव्हनमध्ये फुटले. मुलं सहाला येणार होती. साडेपाचला ट्रेवर चीज सांडून करपत होतं आणि बाइट्सच्या पोटात नुसती पोकळी उरली होती. न फुटलेले ताटात मांडले आणि घाईघाईनं पावभाजी टाकली.

मला खटकलं ते वेगळंच. मे महिन्यात याच ओटीजीत (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये), याच प्रमाणानं ४० केले होते आणि एकही उघडला नव्हता. हात तेच, तोंड मिटवायची पद्धत तीच. तरी ज्याला विचारावं तो म्हणायचा, "तोंड घट्ट मिटवलं नसशील." पुढच्या खेपेला मी तोंड इतकं दाबून मिटवलं की तिथे मैद्याची गाठ झाली. बाइट्स फुटायचे ते फुटलेच, शिवाय ती गाठ आतून कच्ची राहिली.

मग जानेवारीत दर रविवारी आठ-आठ बाइट्सचे छोटे घाणे केले, दर वेळी एकच गोष्ट बदलून. नाशिकच्या थंडीत दोन गोष्टी एकदम बदलतात: सारणातलं पाणी वाढतं आणि पीठ फुगायला दुपटीहून जास्त वेळ घेतं. कृतीत मात्र "एक तास झाकून ठेवा" एवढंच लिहिलेलं असतं, मग तो मे असो की डिसेंबर.

माझं प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. २४ बाइट्ससाठी ३०० ग्रॅम मैदा, १८० ते १८५ मिली पाणी, दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट (साधारण ४ ते ५ ग्रॅम), एक छोटा चमचा मीठ, दीड छोटा चमचा साखर, दीड मोठा चमचा तेल. प्रत्येक गोळा साधारण २१ ग्रॅमचा होतो. सारण दर गोळ्याला १० ते ११ ग्रॅम, त्यात ४ ग्रॅमच्या आसपास चीज.

फुटलेला बाइट आडवा कापून बघा

फुटलेले बाइट्स लगेच बाजूला सारू नका. गार झाले की सुरीनं आडवे कापा. कुठे फुटला आणि आत काय दिसतं, यावरून निम्मं कारण कळतं.

मिटवलेलं तोंडच उघडलं असेल आणि त्याच्या कडा गुळगुळीत, चकचकीत दिसत असतील, तर तिथे तेल किंवा सॉस लागलं होतं. ती कड मुळात चिकटलीच नव्हती. तोंड शाबूत आहे पण कुशीला, ट्रेच्या जरा वर, आडवी भेग पडली आहे, तर पीठ पुरतं फुगलेलं नव्हतं. आत वर मोठी पोकळी, खाली सारण बसलेलं आणि सारणाभोवती चिकट, कच्चट थर असेल, तर सारणात पाणी होतं. आणि सगळा बाइटच चपटा होऊन चीज जागोजागी झिरपलं असेल, तर पीठ जास्त फुगून त्याचा दम गेला होता. हे शेवटचं माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये होतं, थंडीत कधीच नाही.

माझ्या त्या २३ पैकी बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे होते. म्हणजे मी ज्या तोंडाच्या मागे लागले होते, त्याचा फारसा दोषच नव्हता.

सारणातलं पाणी

याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त बाइट्स इथे जातात.

ढोबळी मिरचीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, टोमॅटोत त्याहूनही थोडं अधिक, कांद्यात ८५ ते ९० टक्के. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १,६०० पट होतं. म्हणजे एका छोट्या चमच्याएवढ्या, ५ मिली पाण्याची वाफ ८ लिटरच्या आसपास जागा मागते. बाइटच्या पोटातलं सगळं पाणी बारा मिनिटांत वाफ होत नाही हे खरं, पण त्यातला अगदी थोडा भाग झाला तरी लिंबाएवढा मैद्याचा गोळा तो दाब सहन करू शकत नाही. वाफ जिथे पारी पातळ असेल तिथून वाट काढते आणि तिच्यामागून वितळलेलं चीज बाहेर येतं.

आता थंडीचा संबंध. उन्हाळ्यात आपल्याकडे उन्हाळ कांदा असतो, जो शेतकरी चाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर कोठारात, साठवतात. तो टिकतो, कारण त्यात पाणी तुलनेनं कमी असतं आणि वरची पत्ती वाळलेली असते. डिसेंबर-जानेवारीत लासलगावला आणि गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लाल कांद्याचे ढीग असतात. हा कांदा ताजा, रसाळ, चाळीत न टिकणारा. कापताना पाट ओला होतो, हे प्रत्येक बाईनं पाहिलेलं असतं. मी मेमध्ये दोन उन्हाळ कांदे घेतले होते, डिसेंबरात दोन लाल कांदे घेतले, आणि माझ्या मते प्रमाण "तेच" होतं. कृतीत "दोन कांदे" असं लिहिणं नाशिक जिल्ह्यात तरी अपुरं आहे.

हे मला स्वतःला सुचलं नाही. माझी धडपड बघून सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, पुरणपोळी फुटते तेव्हा तू उंड्याचं तोंड बघतेस की पुरण बघतेस?" मी म्हटलं, "पुरण, आई." "मग हे का नाही बघत? पुरणात उलथणं उभं राहिलं नाही तर आपण पोळ्या करायला घेतो का? पुन्हा गॅसवर ठेवून आटवतोच ना?"

तेव्हापासून पिझ्झ्याच्या सारणालाही मी तीच कसोटी लावते. कढईत सारण एका बाजूला ओढलं की मधली जागा कोरडी राहिली पाहिजे, तिथे पाण्याचा ओघळ येता कामा नये. चमचा रोवला तर तो निदान क्षणभर उभा राहिला पाहिजे.

करायचं असं: कांदा आणि ढोबळी मिरची अगदी बारीक चिरा, मक्याच्या दाण्याहून मोठी फोड नको. अर्धा छोटा चमचा मीठ चोळून १५ मिनिटं चाळणीत ठेवा. मिठानं पाणी सुटतं. मग मूठभर-मूठभर घेऊन पिळा. एका मध्यम मिरचीतून आणि एका लाल कांद्यातून किती पाणी निघतं ते एकदा वाटीत धरून बघाच. नंतर मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता ३-४ मिनिटं परता. झाकण ठेवलं की वाफ परत भाजीत उतरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. पिळताना मीठ गेलं असलं तरी थोडं राहतंच, म्हणून वरून पुन्हा घालताना चव घ्या. चीजमध्येही मीठ असतं.

सॉस वेगळा आटवायचा. लांबट, जाड गराचे टोमॅटो घ्या, बिया आणि त्यांभोवतीचा बुळबुळीत रस काढून टाका. पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची मोठी आवक सुरू होते, तेव्हा मी किलोभर आणून सॉस आटवते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. आटवताना पळीनं तळाशी रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की सॉस झाला. बाटलीतलं टोमॅटो केचप सॉसऐवजी वापरू नका. त्यात साखर बरीच असते, बाहेर आलं की आधी तेच करपतं, आणि ओरेगॅनो कितीही घातलं तरी चव गोडसरच राहते.

एवढं करूनही सारण सैल वाटलं, तर दोन मोठे चमचे टोस्टचा चुरा घाला. पनीर कुस्करून घातलं तरी चालतं. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण वगळून मी पनीर, मका आणि मिरचीचं सारण करते. मका उकडला असेल तर तो कपड्यावर पसरून कोरडा करून घ्या, दाण्यांच्या बुडाशी पाणी धरलेलं असतं.

आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. कोमट सारणानं पारी आतून सैल होते, यीस्ट तिथे आधी जागं होतं आणि चीज भरतानाच मऊ पडतं.

सारण गोठवून घ्या

यानं माझं काम सगळ्यात सोपं झालं. गार सारणाचे २४ छोटे गोळे करायचे, प्रत्येकाच्या पोटात मोझरेलाचा दीड सेंटिमीटरचा तुकडा दडवायचा, ताटलीत मांडून २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचे. दगडासारखे होऊ द्यायचे नाहीत, नुसते घट्ट. भरताना हात आणि कडा स्वच्छ राहतात, आणि ओव्हनमध्ये चीज वितळायला जरा उशीर होतो. तेवढ्यात बाहेरचं पीठ धरून येतं.

चीज कुठलं? पॅकेटमधलं घट्ट मोझरेला चालतं. पाण्यात बुडवून मिळणारं ताजं मोझरेला या कामाला नको, ते पुन्हा पाणीच झालं. साधं प्रोसेस्ड चीज तार देत नाही, पण त्यात चरबी आणि पाणी बांधून ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते तेलकट होऊन धावत नाही. लहान मुलांच्या पार्टीला, जिथे बाइट्स तासभर ताटात राहणार, तिथे मी दोन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड चीज किसून एकत्र करते. गार झाल्यावरही चघळत बसावं लागत नाही.

थंडीतलं पीठ

निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. शहरात तितकं नसलं तरी सकाळी स्वयंपाकघराचा ओटा बर्फासारखा असतो. यीस्टला २५ ते ३५ अंश मानवतं. थंडीत ते मरत नाही, पण रेंगाळतं. मेमध्ये माझं पीठ ५० मिनिटांत दुप्पट व्हायचं, जानेवारीत त्यालाच सव्वादोन तास लागले. मी मात्र तासाभरानं गोळे करायला घेत होते.

अर्धवट फुगलेलं पीठ ओव्हनमध्ये गेलं की काय होतं? गरमी लागल्यावर यीस्ट एकदम जोमानं काम करतं, आतला वायू प्रसरण पावतो, आणि ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरेपर्यंत हा जोर चालू राहतो. तेवढ्यात बाहेरचा पापुद्रा सुकून घट्ट व्हायला लागलेला असतो. आतून रेटा, बाहेर ताठ साल. मग कुशीला भेग पडते. कुशीच्या भेगेचं कोडं मला इथे सुटलं.

म्हणून घड्याळापेक्षा बोटाला विचारा. मैद्यात बुडवलेलं बोट पिठात अर्धा इंच दाबा. खळगा लगेच भरून आला तर पीठ अजून तयार नाही. हळूहळू, अर्धाच भरला तर झालं. तसाच राहिला आणि आजूबाजूचं पीठ खाली बसलं तर उशीर झाला आहे.

थंडीत पीठ भिजवायला कोमट पाणी घ्या, बोटाला सुखद लागेल इतकंच, ४० अंशांच्या आत. चटका बसेल असं पाणी घेतलंत तर यीस्ट तिथेच संपेल. पातेलं बंद ओटीजीत ठेवायचं आणि शेजारी उकळत्या पाण्याची वाटी. ओटीजी चालू करायचा नाही. तासानं पाणी बदलायचं. बाइट्स भरून झाल्यावरही झाकून पुन्हा ३५-४० मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात २० पुरतात. हे दुसरं थांबणं बरेचजण गाळतात, कारण पाहुणे यायची वेळ झालेली असते.

एप्रिल-मेमध्ये नेमकं उलट. टाकीतलं पाणी नळाला गरम येतं, तेव्हा माठातलं पाणी वापरा आणि यीस्ट एका छोट्या चमच्यावर आणा. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरतो, म्हणून शेवटचे दोन चमचे पाणी हातचं राखून ठेवा.

यीस्टचं पाकीट फोडलेलं असेल तर ते हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. शंका असेल तेव्हा चमचाभर यीस्ट, चिमूट साखर आणि अर्धी वाटी कोमट पाणी एकत्र करून दहा मिनिटं बघा. फेस आला नाही तर पुढे जाऊ नका.

तोंड मिटवणं

याला शेवटी महत्त्व आहेच, पण जोरापेक्षा कोरडेपणाचं. पारी तीन इंचांची, मोदकासारखी: मध्ये जाड, कडेला पातळ. सगळीकडे सारखी लाटली तर तोंडाशी पदर गोळा होऊन गाठ होते आणि बुड मात्र पातळ पडतं. लाटताना पारी मागे ओढली जात असेल तर ओढाताण करू नका, गोळे झाकून दहा मिनिटं मुरू द्या. ताणलेल्या जागीच ती पुढे फाटते.

कडेचा एक सेंटिमीटर स्वच्छ हवा. तेलाचा हात तिथे लागू देऊ नका, सुका मैदाही नको. बोटानं पाण्याची रेघ फिरवा, समोरासमोरच्या कडा चिमटीत आणा आणि मिटवा. मग पोळपाट कोरडा ठेवून, पीठ न भुरभुरता, तळव्याखाली गोळा दोन-तीन वेळा फिरवा. खालचा भाग पोळपाटाला किंचित धरतो आणि तोंड आत ओढलं जातं. ट्रेवर ठेवताना तोंड खाली.

अर्धचंद्राच्या आकाराचे करायचे असतील तर करंजीची मुरड घाला. नेपल्सच्या कॅल्झोनेची, म्हणजे दुमडून बंद केलेल्या पिझ्झ्याची, कडही अशीच दुमडून पिळतात. मुरड नुसत्या कातणीनं कापलेल्या कडेपेक्षा नक्की घट्ट बसते, मी दोन्ही करून पाहिलं आहे.

ओव्हन, कढई, आप्पेपात्र

ओटीजी २०० अंशांवर किमान १५ मिनिटं तापू द्या, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणात, १२ ते १४ मिनिटं. कमी आचेवर जास्त वेळ भाजलं तर साल धरायच्या आत चीज वितळून चालू पडतं. ओटीजीच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आतलं तापमान दाखवणारी छोटी तबकडी मिळते. माझ्या ओटीजीत २०० वर बटण असताना १७५ च भरलं, आणि माझे कच्चट थर थोडे या कमी तापमानामुळेही होते. बाइट्समध्ये दोन बोटांचं अंतर सोडा. वर दुधाचा हात फिरवला की रंग येतो.

तळायचे असतील तर याच पिठाचे तळू नका असं माझं मत आहे. फुगणारं पीठ कढईत उलटंपालटं होताना तोंडाशी ताणलं जातं, आणि एक फुटला की उरलेलं तेल वाया. अमेरिकेत जेनो पॉलुची यांनी १९६० च्या दशकात पिझ्झा रोल बाजारात आणले, ते तिथल्या चिनी पद्धतीच्या एगरोलच्या पातळ पारीच्या धर्तीवर. त्या पारीत यीस्ट नसतं. तळायला आपणही करंजीसारखं, थोडं मोहन घातलेलं घट्ट मैद्याचं पीठ घ्यावं आणि तेल १७० अंशांच्या आसपास ठेवावं. पिठाचा तुकडा टाकला की तो दोन-तीन सेकंदांनी सावकाश वर आला पाहिजे.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी आप्पेपात्र उत्तम. प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल, मंद आच, झाकण ठेवून ६ मिनिटं, उलटून उघडं ठेवून ४ मिनिटं. खळग्याच्या भिंती बाइटला चारी बाजूंनी धरून ठेवतात, त्यामुळे कुशीला फुटायला जागाच राहत नाही. इथे गोळे जरा लहान, १५ ग्रॅमचे करा.

डब्यातून नेताना

सातपूरहून नाशिकरोडला पार्टीला न्यायचे असतील तर गरम बाइट्स डब्यात बंद करू नका. आतल्या वाफेनं बुड ओलं होतं आणि पोहोचेपर्यंत ते एकमेकांना चिकटून फाटतात. जाळीवर पूर्ण गार करा, डब्यात खाली कागद, झाकण किलकिलं.

आदल्या दिवशी करायचे असतील तर पूर्ण भाजून फ्रीजमध्ये ठेवू नका. पाव फ्रीजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो, हे त्याच मैद्याचे. त्याऐवजी ७-८ मिनिटं, रंग येण्याआधीपर्यंतच भाजा, गार करून फ्रीजरमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवशी न वितळवता थेट २०० अंशांवर ८ ते १० मिनिटं. मी हल्ली वाढदिवसाला असेच करते. भाजलेले उरले तर १६० अंशांवर पाच मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये साल चामड्यासारखी होते आणि चीज आतून उकळून निघतं, ते मुलांच्या तोंडाला भाजतं. लहान मुलांना देताना एकदा मधोमध कापून, वाफ जाऊ देऊन मगच हातात द्या.